कारपूलची कुठली स्कीम चालते आणि कुठली नुसती स्लाइडवर राहते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंजवडी फेज २ मध्ये हजार-बाराशे लोकांचं ऑफिस, पार्किंग रोज तुडुंब, मॅनेजमेंट म्हणतंय कारपूल वाढवा, म्हणजे दोघा-तिघांनी मिळून एकाच कारने यायचं (पुढे मी नुसतं ‘पूल’ म्हणेन), आणि टेबलावर तीन प्रपोजल आहेत. एक ॲपवाल्यांचं, दर राइडला पॉइंट आणि पॉइंटचा कॅशबॅक. दुसरं, पूल करणाऱ्यांना लिफ्टजवळ राखीव पार्किंग. तिसरं, कंपनीनेच छोट्या व्हॅन लावायच्या. यातलं कुठलं घ्यावं? मी बरीच वर्षं हेच काम करतेय, आधी एका कंपनीच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर आणि आता बाहेरून सल्ला देते, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, व्हेंडर तुम्हाला एकच आकडा दाखवणार, किती जणांनी रजिस्टर केलं आणि महिन्याला किती शेअर्ड राइड झाल्या. तो बघूच नका. विचारायचं एवढंच की मागच्या सीटवर बसलेला माणूस कालपर्यंत कशाने येत होता? स्वतःची कार आणत असेल तर एक कार कमी झाली, छान. कंपनीच्या बसने किंवा पीएमपीच्या शहर बसने येत असेल तर रस्त्यावरची एकही गाडी कमी झालेली नाही, उलट बसमधली एक सीट रिकामी झाली आणि पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणणार या रूटला लोकच नाहीत, बंद करा. आणि तो टू-व्हीलरवाला असेल, जे पुण्यात सगळ्यात जास्त होतं, तर हिशोब आणखीनच वेगळा, त्यावर येतेच.

हे मी मनाचं सांगत नाहीये. सॅन फ्रान्सिस्कोत १९७० च्या दशकापासून कॅज्युअल कारपूल नावाचा प्रकार होता. खाडीपलीकडच्या ईस्ट बे भागातल्या ठरलेल्या कोपऱ्यांवर सकाळी लोक लाइन लावून उभे राहायचे, अनोळखी गाडीवाला यायचा, दोघं बसायचे, तिघं मिळून खाडीवरच्या बे ब्रिजच्या कारपूल लेनमधून (जिथे एकट्या माणसाच्या गाडीला मनाई) सुसाट शहरात. ॲप नाही, कंपनी नाही, सरकारी स्कीम नाही, तरी कित्येक वर्षं चाललं. जुलै २०१० पर्यंत कारपूलला टोल माफ होता, मग अडीच डॉलर लागला, तेव्हापासून बसणारे डॉलरभर हातावर ठेवायला लागले. सगळे त्याचं कौतुक करतात, मीही करते. पण बर्कलेच्या संशोधकांनी बसणाऱ्यांना विचारलं की आधी कशाने जायचात, तर चारातले साधारण तिघे बस-ट्रेनवाले निघाले. म्हणजे गाडीवाल्याचा टोल आणि वेळ वाचला, बसणाऱ्याचं तिकीट वाचलं, पण ब्रिजवरच्या कार त्या मानाने फार कमी घटल्या. अजून एक गंमत म्हणजे टोल फक्त शहरात येताना होता, त्यामुळे सकाळी लाइन मोठी आणि संध्याकाळी बरेच जण बार्ट लोकल ट्रेनने नाहीतर बसने घरी. फायदा जिकडे तिकडेच पूल, दुसरीकडे नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोविड आला आणि ते सगळं बसलं.

वॉशिंग्टन शहराचं उदाहरण यापेक्षा जास्त टिकाऊ आहे. व्हर्जिनियातून पेंटॅगॉनकडे आणि शहरात जाणारा जो हायवे आहे त्यावर वेगळी लेन आहे, तिच्यात शिरायला आधी गाडीत चार माणसं लागायची, १९८९ पासून तीन. हॉर्नर रोडसारख्या मोठ्या पार्किंग लॉटमध्ये लोक आपली गाडी लावतात आणि रांगेत उभे राहतात, गाडीवाला येऊन कुठे जातोय ते ओरडून सांगतो, पुढचे दोघं बसतात. पैसे अजिबात नाहीत, कोणी देऊ करत नाही आणि कोणी घेत नाही. स्वतः होऊन बोलायचं नाही, गाडीवाल्याने सुरुवात केली तर बोला. खायचं-प्यायचं नाही. आणि एक नियम मला फार आवडतो, की रांगेत बाई एकटी मागे राहत असेल तर तिला तसं सोडून जायचं नाही. हे कुठल्या ऑफिसने लिहून दिलेलं नाही, लोकांनीच बसवलंय. पुढे त्या लेन पैसे भरून वापरायच्या झाल्या, पण तिघं असतील तर अजूनही फुकट, त्यामुळे प्रकार जिवंत राहिला.

मुद्दा काय, तर तिथे गाडीवाल्याला रोज, डोळ्यासमोर, अर्धा-पाऊण तास वाचतो. पर्यावरण-बिर्यावरण कोणाच्या डोक्यात नसतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पोस्टर काढलं होतं की एकटे गाडी चालवता म्हणजे शेजारी हिटलरला बसवून चालवता, पेट्रोल आणि रबर वाचवायला. तेव्हा पेट्रोलचं रेशनिंगही होतं हे मात्र लोक विसरतात. नुसत्या पोस्टरने काय होतं ते पुढे दिसलंच, १९८० च्या जनगणनेत तिथले जवळजवळ २० टक्के लोक पूल करून कामाला जायचे, २०१९ पर्यंत ते ९ टक्क्यांवर आलं, आणि मधल्या काळात जनजागृती काही कमी झाली नव्हती. गाड्या स्वस्त पडायला लागल्या, ऑफिसं पांगली, आणि पार्किंग फुकटच राहिलं.

आता तुम्ही म्हणाल हिंजवडीत कुठली आलीये वेगळी लेन. बरोबर आहे, वाकड ब्रिजपासून शिवाजी चौकापर्यंत जो काही रस्ता आहे त्यात साधी लेन सापडली तरी खूप. त्यामुळे वेळेचं आमिष तुमच्या हातात नाहीच, ते सरकारच्या हातात असतं. जकार्तात सरकारने ते वापरलं होतं. मोठ्या रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी गाडीत तीन माणसं हवीतच, नाहीतर प्रवेश नाही, १९९२ पासून सकाळी आणि पुढे संध्याकाळीही. त्यातून जॉकी नावाचा धंदाच उभा राहिला. रस्त्याच्या तोंडाशी पोरं-बाया उभ्या राहायच्या, पैसे घेऊन गाडीत बसायच्या, पलीकडे उतरायच्या, काही जणी तान्ही मुलं घेऊन, म्हणजे एका खेपेत दोन डोकी. बदनामी झाली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये सरकारने आठवडाभराची नोटीस देऊन नियमच उठवला. सगळ्यांना वाटत होतं की या फसवणुकीमुळे नियम निरुपयोगीच झालाय. पण हार्वर्ड आणि एमआयटीच्या मंडळींनी गूगल मॅप्सच्या डेटावर बघितलं तर त्या रस्त्यांवरचा खोळंबा सकाळी ४६ टक्के आणि संध्याकाळी ८७ टक्के वाढला, आणि बाजूच्या रस्त्यांवरही वाढला जिथे नियम कधी नव्हताच. म्हणजे इतकी चोरी होऊनही नियम बरंच काम करत होता. हा निष्कर्ष मला अजूनही थोडा खटकतो कारण मी स्वतः गेटवरची चोरी बघितली आहे, पण आकडे तसे आहेत.

गेटवरची चोरी म्हणजे तुमचं दुसरं प्रपोजल. एका कंपनीत (नाव नको) दोन किंवा जास्त माणसं असलेल्या गाडीला लिफ्टजवळची जागा दिली. गार्ड गेटवर डोकी मोजणार आणि रजिस्टरमध्ये नंबर लिहिणार. काही आठवड्यांत गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाड्या थांबायला लागल्या, बसने उतरलेला कलीग चहा संपवून गाडीत बसायचा, पन्नास मीटर आत यायचा, रजिस्टरमध्ये नोंद झाली. तिथला एक जुना गार्ड मला हसत म्हणाला, मॅडम, ते चेक्सच्या शर्टवाले साहेब रोज तीन गाड्यांतून आत येतात. रजिस्टरवर पूलिंग मस्त वाढलेलं, पार्किंगमध्ये गाड्या तेवढ्याच.

म्हणून राखीव पार्किंग द्यायचं तर डोकी मोजून देऊ नका, स्टिकर मोजून द्या. नियम साधा ठेवायचा, दोघांनी आपापले पार्किंग स्टिकर जमा करायचे आणि दोघांत मिळून एक घ्यायचं, तिघांनी तीन जमा करून एक. ज्याच्याकडे स्टिकर नाही तो पूलमध्ये खुशाल बसू दे, पण त्याच्यामुळे लिफ्टजवळची जागा मिळणार नाही. स्टिकर जमा केलेल्याला महिन्याला दोन-तीन दिवसांचे सुटे पास द्यायचे, कधी मुलाला शाळेतून आणायचंय, कधी डॉक्टर, तेव्हा स्वतःची गाडी आणता यायला हवी, नाहीतर कोणी स्टिकर सोडतच नाही. यात टपरीवाला चहा पाजत राहील पण पार्किंगची फसवणूक जमणार नाही, कारण दुसऱ्याला आत आणायला त्याची गाडी कायमची बाहेर ठेवावी लागते.

आणि मॅनेजमेंटची तयारी असेल तर याच्याही पुढे जा. कॅलिफोर्नियात १९९२ मध्ये कायदा आला, ज्या कंपन्या भाड्याने जागा घेऊन स्टाफला फुकट पार्किंग देतात त्यातल्या ठरावीक कंपन्यांनी तेवढेच पैसे पार्किंग न वापरणाऱ्याला रोख द्यायचे. डोनाल्ड शूप म्हणून प्रोफेसर होते, पार्किंगवर हयात घालवलेला माणूस, त्यांनी आठ कंपन्या तपासल्या. एकटे गाडी आणणारे ७६ टक्क्यांवरून ६३ वर आले आणि कारपूल १४ वरून २३ टक्क्यांवर गेलं, शिवाय बस आणि चालत येणारेही वाढले. हे मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं कारण यात पूल करा असा आग्रहच नाही, गाडी नका आणू एवढंच आहे, मग तुम्ही कसं यायचं ते तुमचं तुम्ही बघा. तुमची बिल्डिंग पार्किंगच्या स्लॉटमागे भाडं घेत असेल तर फायनान्सवाल्यांना तो आकडा विचारा. तो हातात आला की अर्धी चर्चा आपोआप मिटते.

आता ॲप आणि कॅशबॅक. फ्रान्सने हे देशभर करून बघितलं, १ जानेवारी २०२३ पासून रोजच्या कामाच्या प्रवासात पहिल्यांदा पूल करणाऱ्या गाडीवाल्याला १०० युरो, त्यातले २५ पहिल्या ट्रिपनंतर आणि बाकीचे तीन महिन्यांत दहा ट्रिप झाल्यावर. शिवाय ट्रिप खरंच झाली का हे तपासायला सरकारी रजिस्टर, ॲपवाल्यांनी तिथे पुरावा पाठवायचा. रजिस्टरची कल्पना मला पटते, बक्षिसाची तितकीशी नाही, कारण जे बक्षीस एकदा मिळतं ते एकदाच माणूस आणतं. दहाव्या ट्रिपनंतर अकरावी कशासाठी?

पण आपल्याकडे खरा घोळ बक्षिसाचा नाही, टू-व्हीलरचा आहे. कोथरूडहून फेज २ धरा वीस किलोमीटर. ट्रॅफिकमध्ये कार बारा-तेराचं ॲव्हरेज देते, पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे एका बाजूचे एकशे साठ-सत्तर रुपये. तिघांत वाटले तर प्रत्येकी पंचावन्नच्या आसपास. आणि तोच माणूस ॲक्टिव्हावर आला तर पेट्रोल पंचेचाळीस-पन्नासचं! मग तो पैसे वाचवायला पूलमध्ये येणारच नाही, आला तर एसीसाठी किंवा पावसासाठी येणार. म्हणून जूनमध्ये ॲपचे ग्राफ वर जातात आणि दिवाळीच्या आत खाली येतात, व्हेंडर तुम्हाला ऑगस्टचा ग्राफ दाखवतो. आता गाडीवाल्याच्या बाजूने बघा. तो आठवड्यातून दोन दिवस कार आणि तीन दिवस बाइक आणायचा, का तर कार महाग पडते. दोन सीटचे पैसे यायला लागले की तो पाचही दिवस कार काढतो. म्हणजे कागदावर पूलिंग वाढलं आणि भूमकर चौकात कारही वाढल्या, दोन्ही एकदम.

ॲपबद्दल अजून एक, जे त्यांचा सेल्सवाला सांगणार नाही. ॲपचं खरं काम ओळख करून देण्याचं आहे, वधू-वर सूचक मंडळासारखं, एकदा जमलं की दोन्ही पार्टी मंडळात परत येत नाहीत. ‘उद्या ८.४० डांगे चौक, २ सीट, रिटर्न ६.१५’ असा मेसेज सोसायटीच्या नाहीतर ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि दोन मिनिटांत भरतो. ॲपवर राइड दिसत नाहीत, व्हेंडर म्हणतो एंगेजमेंट घसरली, कॅशबॅक वाढवा, आणि इकडे पूल व्यवस्थित चाललेला असतो. त्यामुळे ॲप घ्या हवं तर, पण सुरुवातीच्या चार-सहा महिन्यांच्या ओळखपाळखीसाठी, वार्षिक कॉन्ट्रॅक्ट नको, आणि पेमेंट राइडमागे तर अजिबात नको.

आणि कायद्याकडे डोळेझाक करू नका. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीने भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, परमिट लागतं, आणि खासगी गाडीच्या इन्शुरन्समध्येही भाड्याने वापर बसत नाही. पेट्रोलचा खर्च वाटून घेणं वेगळं आणि त्यावर नफा कमावणं वेगळं, पण ॲपमधून पैसे फिरले की ही रेष पुसट होते. केंद्राने नोव्हेंबर २०२० च्या ॲग्रीगेटर (ॲपवरून गाडी आणि प्रवासी जुळवणाऱ्या कंपन्यांच्या) गाइडलाइन्समध्ये खासगी गाडीचं पूलिंग चालेल म्हटलं, शहरात दिवसाला जास्तीत जास्त चार राइड, बाहेरगावी आठवड्याला दोन, पण राज्याने मनाई केली नसेल तर. महाराष्ट्राने जानेवारी २०२३ मध्ये मनाईच केली. त्याच वर्षी बंगळुरूतही पांढऱ्या प्लेटच्या पूलिंगवरून गोंधळ झाला. पुढे २०२५ मध्ये आपल्याकडे मंत्रिमंडळाने अटी घालून परवानगी द्यायचं ठरवलं. तुमच्या लीगलवाल्यांनी व्हेंडरकडून सध्याची राज्याची मान्यता आणि बसणाऱ्यांचा इन्शुरन्स या दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. लेखी देताना तो कां-कूं करायला लागला तर तिथेच थांबा.

व्हॅनचं लवकर संपवते. अमेरिकेत थ्रीएम कंपनीने १९७३ मध्ये मिनेसोटात सहा व्हॅनपासून सुरुवात केली, तेलाचं संकट आलं आणि कल्पना पसरली, सिएटलकडे किंग काउंटी मेट्रो १९७९ पासून चालवतंय. पण तिथे व्हॅन स्टाफमधलाच एक जण चालवतो, म्हणून परवडतं. आपल्याकडे व्हॅन म्हणजे कॉन्ट्रॅक्टरची टेम्पो ट्रॅव्हलर, ड्रायव्हर त्याचा, डिझेल त्याचं, डेड मायलेज, म्हणजे रिकाम्या फेऱ्यांचा खर्च, तुमच्या डोक्यावर. ती छोटी बसच झाली, तिला व्हॅनपूल म्हणून काही स्वस्त होत नाही. हडपसर, सिंहगड रोड, कात्रज अशा लांबच्या बाजूने पंधरा माणसं एकाच शिफ्टला असतील तर जरूर लावा, तिथून लोक आनंदाने बसतात. बाणेर-बालेवाडीहून नका लावू, तिथला माणूस पिकअपसाठी दहा मिनिटं थांबणार नाही, तेवढ्यात तो निम्म्या वाटेत पोचलेला असतो.

तिन्ही प्रपोजलमध्ये जे नाहीये ते मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, परतीची हमी. माणूस सकाळी सहज पूल करतो, त्याला भीती संध्याकाळची असते. क्लायंट कॉल लांबला, गाडीवाला निघून गेला, आता काय? अशा वेळी कंपनीच्या पैशाने कॅब, महिन्याला एखाद-दोन वेळा, मॅनेजरची सही-बिही न मागता. लोक ती फार कमी वापरतात त्यामुळे खर्च किरकोळ असतो, पण ती नसेल तर स्टिकर जमा करायला कोणी येत नाही, बायका तर नाहीच. आणि रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या महिलांना घरपोच सोडणं ही दुकाने आणि आस्थापना कायद्याने कंपनीवरच आहे, तो ड्रॉप कारपूलवर ढकलायची आयडिया कोणी मीटिंगमध्ये काढलीच तर तिथल्या तिथे मोडून काढा.

तर तुमच्या जागी मी असते तर स्टिकरवालं पार्किंग आणि परतीची कॅब हे दोन्ही एकत्र सुरू केलं असतं, ॲप तात्पुरतं, व्हॅन फक्त दोन लांबच्या रूटवर. हायब्रिड (काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसात) असेल तर आधी टीमचे ऑफिसचे दिवस पक्के करा, मंगळवारी येणारा आणि बुधवारी येणारा यांचं पूल कुठलं ॲप जुळवणार? आणि सुरू करायच्या आधी मोजणी. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात (सिएटलवालं, वॉशिंग्टन शहर वेगळं) १९९१ चा कायदा आहे, सकाळी सहा ते नऊमध्ये शंभर किंवा जास्त माणसं येणाऱ्या मोठ्या ऑफिसांना स्टाफ कसा येतो याचा ठरावीक काळाने सर्व्हे करावा लागतो, एकटे गाडी आणणारे किती ते त्यात कळतं. आपल्याकडे कोणी विचारत नाही, त्यामुळे स्वतःच करावं लागेल. मंगळवार आणि गुरुवार, आठ ते साडेदहा, गेटवर एक माणूस, कार किती आणि टू-व्हीलर किती वेगवेगळ्या लिहायच्या, बसमधून उतरणारे किती तेही. हे एकदा आत्ता मे संपायच्या आत करा आणि एकदा पाऊस गेल्यावर नोव्हेंबरमध्ये. पावसाळ्यातले आकडे घेऊन कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायला कोणी आलं तर त्याला नोव्हेंबरनंतरच बोलवा.